झोप लागत नाही, एवढीच तक्रार

प्राथमिक आरोग्य केंद्रात अंगदुखी किंवा निद्रानाश सांगणाऱ्या स्त्रीची बहुधा गोळ्यांवर बोळवण होते; त्यामागे नैराश्य, म्हणजे आठवडेच्या आठवडे न हटणारी उदासी, असू शकते, हे आरोग्यसेविकेला क्वचितच शिकवलेले असते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे, म्हणजे ऐकून घेऊन वाट सुचवण्याचे, प्रशिक्षण दिले आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ दिसला (खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हे मात्र सहसा सांगितले जात नाही). गेल्या २ आठवड्यांतील झोप, भूक, मरणाचे विचार यांविषयी नेमके विचारून उत्तर येईपर्यंत गप्प राहणे हे कौशल्य एका दिवसाच्या कार्यशाळेत, चहा-नाश्ता नि प्रमाणपत्रासह, अंगी बाणत नाही. त्यासाठी अनुभवी व्यक्तीची पुढची नियमित देखरेख लागते आणि अंदाजपत्रकात तिलाच आधी कात्री लागते.