मागचं दार

आम्हा सहा भावंडांनी मोठं हॉटेल पहिल्यांदा पाहिलं ते मागच्या बाजूनं. आबा पहाटे सायकलला दुधाचे दोन कॅन अडकवायचे, आमच्यातल्या एकाला पुढच्या दांडीवर घ्यायचे आणि चिकलठाणा गावातून जालना रोडला लागायचे. विमानतळ मागं टाकून औरंगाबाद शहराच्या दिशेनं गेलं की रामा इंटरनॅशनल आणि अजिंठा अॅम्बेसेडर दिसायची. त्या भागातल्या एका हॉटेलला आमचं दूध जायचं. समोरची हिरवळ रस्त्यावरूनच पाहून घ्यायची, सायकल कुंपणाला वळसा घालून मागं.

मागच्या दारातलं जग आम्हाला पाठ होतं. ओल्या चादरींचा साबणी वास, कांद्याची पोती तोलणारा काटा, दुधात लॅक्टोमीटर बुडवून आकडा वहीत लिहिणारा माणूस, रात्रपाळी संपवून पायरीवर बसलेले आचारी. त्यांच्यातला एक जण आम्हाला कधी पावाचा कडेचा तुकडा द्यायचा. 1983 साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेली, हे आम्हाला शाळेत कळलं. गोऱ्या पाहुण्यांचा हंगाम मात्र त्याआधीच दुधावरून कळत होता. दिवाळी सरली की आबा तिसरा कॅन बांधायचे आणि होळीनंतर तो सोडायचे.

घरात चुलत-सख्खं असा भेद नव्हता. अण्णा एमआयडीसीत कंपनीत, काका शेतीवर, आणि स्वयंपाकघर मोठ्या आईच्या हातात. मोठी आई म्हणजे आमची आजी. गावात कुणाकडंही लग्न असो, पंगतीचा कारभार तिच्याकडं असायचा. पहिलं पान मांडायच्या आधी तिचं सगळं ओळीनं तयार हवं: मीठ कशात, लिंबाच्या फोडी कुठं, कोणती मुलगी कोणत्या ओळीत वाढणार. पानात मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं. उलटं वाढलं तर ती ओरडायची नाही, फक्त पळी काढून घ्यायची. आम्हाला ते ओरडण्याहून जास्त लागायचं.

1987 साली दादा बारावी झाला. आमच्यातला थोरला. मार्क बरे होते आणि घराचा अंदाज कृषी महाविद्यालयाकडं होता. पण तो दादरच्या कॅटरिंग कॉलेजचा अर्ज भरून आला. मागच्या पायरीवरच्या एका आचाऱ्यानंच त्याला त्या कॉलेजचं नाव सांगितलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीत विषय निघाला.

"म्हंजे लोकाच्या उष्ट्या ताटल्या उचलायचं शिक्षण?" आबा म्हणाले. "आन् त्याला तीन वर्षं?"

कुणी बोलेना. मोठी आई दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "उष्टं मी जलमभर उचललं. मला कुणी हलकं म्हणलं का?"

आबांनी उत्तर दिलं नाही. आठ दिवसांनी गोऱ्हा विकला आणि फीचे पैसे दादाच्या हातात ठेवले. त्या एका वाक्यावर आमच्या घराची पुढची तीस वर्षं वळली, असं आम्ही सहाही जण आजही मानतो.

दादाची पत्रं यायची. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं की हे कॉलेज देशातलं अशा शिक्षणाचं पहिलं, 1954 सालचं. लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं, धान्यटंचाईच्या काळात पूरक अन्नाचं काम करणाऱ्या महिला परिषदेनं ते उभं केलं. म्हणजे त्याच्या मुळाशी पंचतारांकित झगमगाट नव्हता, कमी धान्यात माणसं नीट कशी जेवतील ही काळजी होती. मोठ्या आईला 1972 चा दुष्काळ आठवत होता, सुकडी आणि मिलोची भाकरी आठवत होती. तिनं ते पत्र दोनदा वाचून घेतलं.

अभ्यासाचे चार खांब होते: स्वयंपाक, वाढप, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. दिवाळीच्या सुट्टीत तो आला की आमची शाळा भरायची. पाच मूळ फ्रेंच सॉस, काडीपेटीच्या काड्यांसारखं कापलेलं गाजर, पलंगाच्या कोपऱ्यावर चादर पाकिटासारखी दुमडायची रीत. गादी नव्हती म्हणून ती रीत त्यानं बाजेवरच्या वाकळेवर दाखवली. भांड्यातून चमच्या-काट्यानं पाहुण्याच्या ताटात वाढायचं असेल तर डावीकडून यायचं, ताट उचलायचं उजवीकडून. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये फार वेळ राहिलं की त्यात जंतू वाढतात, म्हणून एक तर चटका बसेल असं गरम ठेवायचं, नाही तर थंड. "शिळं उकळल्याबिगर देऊ नये हे मी सांगतच होते की," मोठी आई म्हणाली. मग दादानं तिला सांगितलं की स्वयंपाक सुरू करण्याआधी सगळं मांडून ठेवण्याला तिकडं 'मीझ आँ प्लास' म्हणतात. तिनं ते नाव तीन-चारदा म्हणून पाहिलं, जमेना, तेव्हा सोडून दिलं. पण तिच्या कामाला लांबच्या देशात नाव आहे, याचा आनंद तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

अशाच एका सुट्टीतली आणखी एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ही आठवण खरी होणार नाही. आमच्या गोठ्याच्या वळचणीला सालगड्याचा कप वेगळा ठेवलेला असायचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. त्याचा तोच विसळायचा, तोच खोचायचा. आम्ही त्या कपाकडं कधी नीट पाहिलंही नव्हतं. दादानं एका सकाळी तो आणला, आपल्या कपांबरोबर घासला आणि मांडणीत लावला. काकू गप्प, आबा गप्प. दोन दिवस त्या मांडणीतल्या एकाही कपातून आबा चहा प्यायले नाहीत, पितळी पेला घेतला. तिसऱ्या दिवशी मोठ्या आईनं सालगड्याला ओसरीत बोलावलं, हाताला येईल तो कप घेतला आणि चहा ओतला. दादाला आम्ही पुढं विचारलं, हे कुणी शिकवलं? तो म्हणाला, शिकवलं कुणीच नाही, पण वर्षभर रोज शंभर माणसांचे कप एकत्र धुतल्यावर तो वेगळा कप हातात धरवेना.

त्याच्या प्रशिक्षणाचे महिने मात्र वाईट गेले. मुंबईतल्या एका हॉटेलात त्याला स्वयंपाकघरात लावलं होतं. चौदा-चौदा तास उभं राहणं, शिकवणं नावाला, कांदा सोलणं आणि भांडी पुसणं मुख्य. विद्यावेतन लोकलच्या पासात संपायचं. तेल उडून डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग पडला आणि तो त्यानं वर्षभर लांब बाह्यांखाली झाकला. आज आमच्याकडं कुणी मुलाला घेऊन विचारायला आलं तर दादा आधी तो डाग दाखवतो. माहितीपुस्तकातला चकचकीत स्वागतकक्ष बघू नका म्हणतो, कॉलेजच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर किती मुलं उभी राहतात ते मोजा, प्रशिक्षणाला कुठं पाठवतात आणि तिथं खरंच चारही विभाग फिरवतात का ते मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा. त्याच्या वेळी तीन वर्षांचा डिप्लोमा मिळायचा, पुढं इग्नूबरोबर त्या डिप्लोम्याची बी.एस्सी. झाली, केंद्रीय संस्थांसाठी देशभर एकच प्रवेशपरीक्षा असते. पण पायात बळ आणि माणसांची आवड नसेल तर परीक्षा काढून उपयोग नाही, हे तो स्वच्छ सांगतो. आम्हालाही तेच वाटतं.

धाकट्या ताईची पाळी आली तोवर शिक्षण घराजवळ आलं होतं. रौजाबागेत डॉ. रफिक झकेरियांच्या कॅम्पसमध्ये ताज समूहाच्या साथीनं हॉटेल मॅनेजमेंटची संस्था उभी राहिली होती आणि पदवी इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाची. 1962 साली औरंगाबादमधून निवडून आलेला हा माणूस शहरात कॉलेजं आणि सिडकोची नवी वस्ती उभी करून गेला. आमच्यासारख्या गावाकडच्या घरातल्या मुलीला त्याच्या अंगणात इंग्लंडची पदवी मिळाली. फी जड होती. दादा तेव्हा बोटीवर नोकरीला होता, त्याच्या डॉलरांतून ती भरली गेली.

मुलगी, त्यात रात्रपाळी. गावात बोलणं झालंच. ताईनं हाउसकीपिंग निवडलं, कारण तिला चादरींचा तो साबणी वास लहानपणापासून आवडायचा. प्रशिक्षणासाठी तिला नेमकं दूध जायचं तेच हॉटेल मिळालं. रात्री अकराला पाळी सुटायची आणि अण्णा स्कूटर घेऊन मागच्या दाराशी उभे असायचे, जिथं आबा सायकल टेकवायचे तिथंच. एकदा थंडीत पहारेकऱ्यानं त्यांना आत बोलावून चहा दिला. घरी येऊन अण्णा म्हणाले, "तुमच्या पोरीच्या हाताखाली आमची लेकरं नीट शिकतात, असं म्हणत व्हता तो." एवढंच म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले.

हाउसकीपिंग म्हणजे झाडलोट असं समजणाऱ्यांनी तिच्या वह्या पाहायला हव्या होत्या. एका खोलीला किती मिनिटं, एका पलंगामागं चादरींचे किती जोड फिरते ठेवायचे, कोणत्या डागाला आम्ल आणि कोणत्याला अल्कली. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. त्यावरून पाहुणे कोणत्या रात्री उतरतील आणि धोबीखान्यावर ताण कधी येईल, हे ती घरात बसून सांगायची. पुढं ती पुण्यात एका रुग्णालयाच्या कापडाची आणि स्वच्छतेची प्रमुख झाली. हॉटेलात शिकलेलं रुग्णालयात इतकं कामाला येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तिच्या वर्गातली मुलं अशीच पांगली: कुणी विमानांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात, कुणी बँकेत, कुणी शाळेच्या वसतिगृहाची मेस चालवतं, कुणी शिकवतं. काहींनी दोन वर्षांत सोडून दिलं.

दादा बोटीवरून आखातात गेला आणि 2016 ला परत आला. मोठी आई त्याआधीच गेली होती. तिच्या येसराची कृती काकूंकडून लिहून घेऊन त्यानं घराच्या मागच्या बाजूला खानावळ काढली: ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटे, रविवारी नान-खलिया.

2020 च्या टाळेबंदीत खानावळ बंद झाली आणि जालन्याकडून माणसं चालत येऊ लागली. डोक्यावर बोचकी, पायांना फोड. दादानं सगळ्यांना कामाला लावलं. उन्हात टिकेल असंच द्यायचं: तेलातले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ओलं काही नाही. पुड्यांवर तो वेळ लिहायचा. ताई फोनवरून हात धुण्याची व्यवस्था सांगायची. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघालेले, मध्य प्रदेशातल्या घरी चाललेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो मोबाइलवर आले. ती माणसं चालत राहिली असती तर सकाळी चिकलठाण्यात असती.

दादा बराच वेळ ओट्याशी उभा राहिला. त्या दिवशी त्यानं पुड्या बांधू दिल्या नाहीत. मागच्या दाराबाहेर लिंबाखाली अंतरानं सतरंज्या टाकायला लावल्या. दुपारी सात-आठ जणांची एक टोळी आली, त्यांना हात-पाय धुवायला पाणी दिलं आणि बसवलं. ते अवघडले होते, उभ्यानं घेऊन निघतो म्हणत होते. दादानं पत्रावळ्या मांडल्या, वाकून प्रत्येकाच्या पानात वर मधोमध मीठ वाढलं, आणि मग चटणी डावीकडं.