अंगावर काढायचं ते किती?

भगिनींनो, पिकावर भुरी दिसली की आपण त्याच दिवशी घरात सांगतो. आपल्याच अंगात बुरशी वाढली, तर सहा-सहा महिने जावेलाही कळू देत नाही. खाजेनं रात्रीची झोप जाते, लघवीला आग होते, दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जातं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "उष्णता झाली असेल." नि सब्जा प्यायचा.

ही बुरशी थोडीफार पुष्कळ निरोगी बायकांच्या अंगात असतेच. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद योनिमार्गात राहतात, ते तिला आवर घालतात. खोकल्याला, जखमेला अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या की हे राखणदारही मरतात आणि बुरशीचं फावतं. गरोदरपणात, स्टेरॉइडच्या औषधांनीही ती जोर धरते. तेव्हा नवऱ्यानं किंवा सासूनं उगाच भलता संशय घेऊ नये.

आमच्या शेजारच्या काकूंना वर्षात चारदा हा त्रास झाला. मलमानं जाई, पुन्हा येई. शेवटी नर्सबाईंनी रक्त तपासायला लावलं, तर साखर वाढलेली! साखर आटोक्यात आली नि खाजही थांबली. वरचेवर होत असेल तर एवढी तपासणी कराच.

लावणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांत दिवस जातो, त्याला इलाज नाही. पण घरी आल्याबरोबर कोरडं नेसा. आतले कपडे सुती, सैल असावेत. ते साडीखाली लपवून वाळत घालायची आपली रीत मला मुळीच पटत नाही. उन्हात घाला. साबणानं किंवा जंतुनाशकानं आतून धुऊ नका, त्यानं राखणदारच जातात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम आठ!

बुरशीवर योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या मिळतात, थोड्या दिवसांत बरं वाटतं. गरोदर बाईनं मात्र पोटात घ्यायची गोळी मनानं घेऊ नये. घाण वास, ओटीपोटात दुखणं, ताप, पाळी गेल्यावर रक्त दिसणं, हे दुखणं निराळं. तिथं लगेच डॉक्टर गाठा. दवाखान्यात तोंडातून शब्द फुटत नसेल, तर घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या आणि नर्सबाईंच्या हातात द्या.