अनाहूत पत्रें आणि आपला कायदा

प्रतापगड म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें जावळीचें खोरें उभें राहतें. आमचें प्रतापगड तें नव्हे. आमचें गांव गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. हा भेद इकडील लहान मूलहि जाणतें; परंतु आमच्या ई-मेलच्या पेटींत जे व्यापारी रोज डोकावतात, त्यांस तो ठाऊक नाहीं. महाबळेश्वरास हॉटेलांत स्वस्तांत खोली देतों, असें ते आम्हांस आठवड्यांतून दोनदां कळवितात. आपण कोणास लिहीत आहों हेंहि ज्यास माहीत नाहीं, त्याचें तें पत्र कसलें! अशा अनाहूत पत्रांस ‘स्पॅम’ असें नांव पडलें आहे.

हा उद्योग तसा जुना. १९७८ सालीं अमेरिकेंत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनीं सुमारें ४०० जणांस एकदम जाहिरात धाडली. या जातीचें पहिलें पत्र तेंच समजतात. टपालानें जाहिरात पाठवावयाची तर दर पाकिटास तिकीट लागतें, म्हणून पाठविणारा हात आंखडता घेतो. येथें एक पत्र आणि एक लाख पत्रें यांच्या खर्चांत फारसें अंतर नाहीं. जो भार पडतो तो वाचणारावर.

केराच्या टोपलींत टाकावें आणि मोकळें व्हावें, असें कोणी म्हणेल. आमच्या घरीं तें इतकें सोपें ठरलें नाहीं. आमचे थोरले काका निवृत्त शिक्षक आहेत. आलेल्या पत्रास उत्तर न देणें हा त्यांच्या पिढीस अविनय वाटतो. विमा विकणारासहि ते ‘तूर्त आवश्यकता नाहीं, क्षमस्व’ असें आदरानें लिहीत. उत्तर गेलें कीं पत्ता जागता आहे हें पाठविणारास कळतें. तेव्हां पत्रांचा ओघ वाढत गेला. अखेर एके दिवशीं बँकेच्या नांवाचें पत्र आलें: हयातीचा दाखला येथेंच भरा, न पेक्षां निवृत्तिवेतन बंद होईल. सोबत खात्याचा क्रमांक व सांकेतिक शब्द विचारला होता. वहिनींनीं वेळींच पाहिलें म्हणून पैसाहि गेला नाहीं. परंतु काकांनीं त्या दिवसापासून पेटी उघडणेंच सोडलें. पुण्यास नोकरी लागल्याचें त्यांच्या नातीचें पत्र नऊ दिवस तसेंच पडून राहिलें. ‘आजोबा, माझें पत्र वाचलें नाहीं का?’ असें तिनें फोनवर विचारलें, तेव्हां काकांना काय बोलावें तें सुचेना. या हानीची नोंद कोणत्या कलमाखालीं करावयाची?

कलम एकदां होतें. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६-अ घातलें गेलें. उपद्रव वा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा पत्र कोठून आलें याविषयीं फसविण्यासाठीं, ई-मेल पाठविणें हा त्यानें गुन्हा ठरला. पण ‘उपद्रव’ या शब्दास सीमा नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्यें आपल्याच राज्यांत पालघर येथें, मुंबई बंदविषयीं फेसबुकवर मत लिहिणाऱ्या एका तरुणीस व तें पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. त्यांत या कलमाचाहि आधार घेतला गेला. पुढें श्रेया सिंघल यांच्या अर्जावर २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें. निकाल योग्यच होता. परंतु सुक्याबरोबर ओलेंहि जळतें, त्या न्यायानें अनाहूत पत्रांविरुद्धचे ते चार शब्दहि गेले, आणि त्यांच्या जागीं तसे दुसरे आले नाहींत.

आज तोतयेगिरीनें फसविणारास ६६-ड कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांमुळें १९०९ वर नांव नोंदवून जाहिरातींचे फोन व संदेश नाकारतां येतात. ई-मेल मात्र त्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्यें झाला. माहिती वापरण्यास दिलेली संमति स्पष्ट असावी, आणि ती देण्याइतकेंच परत घेणें सोपें असावें, हें त्यांतील तत्त्व मोलाचें आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. पण हा कायदा माहितीचा आहे, पत्रांचा नव्हे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानें पत्र आधीं पाठवावें, ‘नको’ म्हटल्यावर दहा कामाच्या दिवसांत थांबवावें, अशी सवलत दिली. युरोपांत २००२ च्या निर्देशानें सामान्यतः आधीं परवानगी व मग पत्र, असा क्रम ठरला.

आम्हांस दुसरा क्रम आपल्या रीतीस धरून वाटतो. यात्रेंत फेरीवाल्यानें खुशाल ओरडावें. ज्यास घेणें असेल तो थांबेल. परंतु तोच न विचारतां माजघरांत येऊन बसला तर त्यास ‘नको’ म्हणण्याचा भार घरच्यांवर कां असावा?

तसा कायदा होईपर्यंत घरानेंच जागें राहिलें पाहिजे. अनोळखी पत्रास उत्तर देऊं नये. त्यांतील दुव्यावर बोटहि ठेवूं नये. निवृत्तिवेतनाविषयीं शंका आली तर बँकेंत जाऊन विचारावें. पैसे गेलेच तर संकोच न करतां तत्काळ १९३० वर कळवावें. आणि तरुणांनीं वडीलधाऱ्यांची पेटी दोन दिवसांनीं त्यांच्याजवळ बसून निवडावी; त्यांच्या पाठीमागें नव्हे. पत्राचा मान राखण्याची जी संवय त्यांनीं आयुष्यभर जोपासली, ती कोणा अनोळखी विक्रेत्याच्या उपद्रवापायीं सुटूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.