गणपतीची भिंत

घर सजविणे ही हल्ली एक स्वतंत्र विद्या झाली आहे. तिचे पदवीधर आहेत, तिची मासिके आहेत, आणि यंदा अमुक रंग चालतो व तमुक नक्षी मागे पडली, असे सांगणारे भविष्यवादीही आहेत. मालवणहून आचऱ्यास जाणाऱ्या वाटेवरील आमचे जुने घर गेल्या वर्षी दुरुस्त करावयाचे ठरले, तेव्हा ह्या विद्येचा प्रसाद आम्हांसही मिळाला. घर सामाईक, आणि मते देणारी माणसे अकरा! पुण्याच्या पुतण्याने सर्वत्र राखी रंग सुचविला. मुंबईच्या सूनबाईंनी एका खोलीच्या एकाच भिंतीस जांभळा कागद चिकटवावा असे कळविले. अमेरिकेतील भाचीने मोबाईलवर भूमध्य समुद्राकाठच्या शुभ्र घरांची चित्रे धाडली. समुद्र म्हटला की तो सर्वत्र सारखाच, असा तिचा समज असावा.

आमच्या समुद्राकाठी पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि अंगणातील तांबड्या मातीचे शिंतोडे कमरेइतके वर उडतात. आमच्या वडीलधाऱ्यांनी भिंतीच्या तळाशी कावेचा तांबडा पट्टा ओढला तो हौसेने खरा, पण त्यात हा हिशेबही होता. वरच्या चुन्यात ते चिमूटभर नीळ घालीत. त्यामुळे चुना पिवळट न दिसता पहाटेच्या आभाळासारखा दिसे. शिवाय चिऱ्याची भिंत पावसात ओल पिते व उन्हाळ्यात ती सोडते, आणि चुना तिच्या ह्या श्वासोच्छ्वासाच्या आड येत नाही. हे आम्हांस उशिरा कळले. वीस वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने ओटीच्या भिंतींना पोपटी तैलरंग फासला होता. पुढल्याच श्रावणात त्याला फोड आले, आणि त्यापुढच्या वर्षी पापडासारखे पोपडे सुटू लागले. त्या रंगाची निवड सर्वस्वी आमची असल्याने आम्ही त्याविषयी अधिक लिहीत नाही.

परंतु घरातील एका भिंतीचा नियम निराळा. ती गणपतीची भिंत. आमच्या मुलखात चतुर्थी जवळ आली की गणपती बसावयाच्या जागेमागील भिंत नव्याने रंगवितात. वर माटवी बांधून तीस आंब्याचे टाळे, कवंडळे, हरणे, ओल्या सुपारीचे घोस टांगावयाचे. आणि मागे चिताऱ्याने वेलबुट्टी, मोर, कमळे काढावयाची. मागल्या वर्षीच्या चित्रावर चुन्याचा हात फिरतो व नवे चित्र उमटते. आमच्या घरच्या त्या भिंतीच्या पोटात निदान शंभर चित्रे एकावर एक झोपलेली असतील. ज्या कुटुंबांत वर्षभर कोणी रंगाचा विचार करीत नाही, तीही श्रावणात मोराच्या पिसाऱ्यावरून भांडतात. नक्षीसाठी आम्हांस परदेशी चित्रे पाहावी लागतात, ह्याचे म्हणूनच नवल वाटते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांपैकी परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे आमच्यापैकी पुष्कळांना पिंगुळी नकाशावर सापडली!

आमच्या घरी भिंतीचे चित्र आजोबा ठरवीत व रंग आजी ठरवी. इतर बायका सूचना करीत. बोलत नसे ती एकटी आत्या.

आत्या विसाव्या वर्षी माहेरी परत आली, ती कायमची. आमचे घराणे सुशिक्षित. त्यामुळे केशवपनासारखा प्रकार आमच्याकडे झाला नाही, आणि ह्याचा आम्हांस मोठा अभिमान असे. मात्र पांढरे किंवा विटक्या रंगाचे लुगडे, मंगलकार्यात माजघराच्या पलीकडे न येणे, व गणपतीच्या भिंतीस हात न लावणे, हे सारे कोणी न सांगताच तिच्या वाट्यास आले. कोणी न सांगता, असे आम्ही म्हणतो खरे. पण सांगितले असते तर निदान तिला उत्तर तरी देता आले असते.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. चतुर्थीच्या दोन दिवस आधीची रात्र होती. पाणी प्यावयास उठलो तो भिंतीपाशी उजेड दिसला. चिताऱ्याच्या करवंट्यांत उरलेले रंग होते, जमिनीवर चिमणी होती, आणि आत्या मोराचा डोळा नीट करीत होती. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिच्याकडे पाहिले. सकाळी आजीने विचारले, "हा डोळा काल असा नव्हता. कोणी हात लावला?" सगळे गप्प राहिले. चिताऱ्याने प्रसंगावधान राखून श्रेय स्वतःकडे घेतले व एक नारळ अधिक पदरात पाडून घेतला. आम्हीही गप्पच राहिलो. तो गप्पपणा तिच्या रक्षणासाठी होता अशी आम्ही पुढे स्वतःची समजूत घातली. परंतु पुढील साठ वर्षे गप्प राहण्याचे त्यात काहीच कारण नव्हते.

दुरुस्तीच्या वेळी माळ्यावर आजोबांची गंजिफांची पेटी सापडली. दशावतारी गंजिफांची वाटोळी पाने एकशेवीस: अवतार दहा, व प्रत्येकाची पाने बारा, त्यांत एक राजा, एक वजीर, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन निराळ्या रंगाची. खेळणारे तिघे, दिवसा डाव रामाच्या पानाने उघडावयाचा, रात्री कृष्णाच्या. आत्या नव्वदीची, दृष्टी मंद झालेली, तिने पाने डोळ्याच्या कडेशी धरून एकेक चाळली व म्हणाली, "कल्कीचा वजीर नाही. आणि वामनाची तीन पाने कोणी तरी नवी घातली आहेत. त्यांचा हिरवा आपला नव्हे."

तिला घेऊन आम्ही सावंतवाडीस गेलो. गंजिफांची कला येथे जवळजवळ बुडालीच होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी ती उरल्यासुरल्या चिताऱ्यांकडून शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसविले, आणि ती पुन्हा जिवंत केली. कापडाचे थर एकावर एक चिकटवावयाचे, त्यांवर चिंचोक्यांची खळ व खडू ह्यांचा लेप द्यावयाचा, तो घोटावयाचा, मग रंग, आणि शेवटी लाखेचे रोगण. पूर्वी खेळासाठी होणारी पाने आता बहुधा भिंतीवर टांगण्यासाठी विकत घेतली जातात. ह्याचे कोणास वाईट वाटेल, पण आम्हांस ती दिसत आहेत ह्याचेच समाधान वाटते. कारागिराने मोठ्या आदराने एक पान आत्याच्या हाती दिले. तिने ते बराच वेळ न्याहाळले व त्याची रेघ चांगली असल्याचे सांगितले. "जमीन मात्र पातळ पडली." आम्ही ओशाळलो. कारागिराने पान परत घेऊन उजेडाकडे धरले व मान हलविली.

परतीच्या वाटेवर आम्ही तिला विचारले, यंदा भिंत कोणत्या रंगाची करावी? हा प्रश्न विचारावयास आम्हांस किती वर्षे लागली हे तिने मोजले असेल, पण बोलून दाखविले नाही. "पिवळी," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हळदीसारखी नको. हळद भिंतीवर मळकी दिसते. पिकल्या सुपारीसारखी."

अकरा मतांचा निकाल आम्ही परस्पर लावून टाकला: घरास चुना व नीळ, तळाशी काव. पुतण्याच्या राखी रंगास न्हाणीघराची एक भिंत मिळाली. भाचीस तिच्या चित्रांबद्दल आभाराचे पत्र गेले.

श्रावणाच्या शेवटी चितारी आला. पहिल्या चिताऱ्याचा तो नातू. आम्हां सर्वांकडे पाहून त्याने नेहमीप्रमाणे विचारले, "काठाक खंयचो रंग काढूचो?" कोणी काही बोलले नाही, सगळ्यांनी आत्याकडे पाहिले. तिने काठास कावेचा तांबडा सांगितला, मोरास निळा सांगितला, आणि खुर्ची भिंतीजवळ ओढावयास लावली. डोळा ती स्वतः काढणार होती. आम्ही करवंटी धरली. हात थरथरला आणि डोळा मोराच्या कपाळावर जाऊन बसला. धाकटी मुले हसली. चिताऱ्याने चटकन्‌ म्हटले, "ऱ्हांवदे आजी, बरो दिसतां."

"काही बरा दिसत नाही," आत्या म्हणाली. "ते फडके दे इकडे." तिने तो पुसला व बारीक कुंचला मागितला.