गोधडी विकायचीच कशाला?

"केवढ्याला देणार?" बाईच्या हातात सुई-दोरा दिसला की पुढाऱ्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय, बचत गटाच्या एकाही कार्यक्रमात तो चुकलेला नाही. बाई काहीतरी आकडा सांगते, फोटो निघतो, संपलं.

उमेद अभियानातून, सरस प्रदर्शनातून बायकांच्या हातात चार पैसे आले, हे मोठंच काम आहे. त्याबद्दल वाद नाही. पण हातकामाचा आणखी एक उपयोग असतो, मनाचा. त्याची फाईल कुठल्याच टेबलावर नाही.

गोधडी घ्या. जुनी लुगडी, धोतरं, विटक्या साड्या थरावर थर अंथरायच्या, चौघींनी चार बाजूंना बसायचं आणि धावदोरा घालत जायचं. टाका साधा, तोच तोच. हात चालतो, डोकं मोकळं होतं. मान खाली असल्यामुळे एकमेकींच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं. सुनेचं, दारूचं, कर्जाचं, अंगावर काढलेल्या दुखण्याचं. समोर बसवून विचारा, एक अक्षर निघणार नाही. आमच्या भागातल्या एक मावशी नवरा गेल्यावर कित्येक महिने कुणाशी धड बोलत नव्हत्या. शेजारणींनी त्यांना गोधडीवर आणून बसवलं. मला म्हणाल्या, "दादा, नुसतं बसून रडू बी येत नाही. हाताला काम लागतं."

2013 साली ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या नियतकालिकात एक पाहणी आली होती. वेगवेगळ्या देशांतल्या साडेतीन हजारांवर विणकाम करणाऱ्यांना त्यात विचारलं होतं. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी मन जास्त शांत आणि आनंदी असल्याचं सांगितलं. अर्थात हे त्यांचं स्वतःचं सांगणं. विणकाम म्हणजे डिप्रेशनवरचं औषध नव्हे. झोप उडाली, जीव नकोसा झाला तर डॉक्टरच गाठायचा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबरही आहे.

पण ऑर्डर आली की हेच काम बदलतं. शनिवारपर्यंत पन्नास पिशव्या, नगावर पैसे. मग पाठ मोडते, गप्पा थांबतात. ती मजुरी झाली. मजुरी हवीच, पण तिला विसावा म्हणू नका.

खरी अडचण जागेची आहे. अंगणं गेली, गाड्या आल्या. दोन खोल्यांच्या घरात गोधडी अंथरायची कुठे? पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे. बायकांना काय आहे? आमच्याकडे समाजमंदिर आहे, वाचनालयाचा हॉल आहे. दुपारी दोन्हींना कुलूप.

मागणी एवढीच: आठवड्यातून एक दिवस, दुपारी 2 ते 4, एक हॉल उघडा. सतरंजी आणि पंखा पुरे. विक्री नाही, स्पर्धा नाही, आणि कृपा करून उद्घाटनही नको. पुरुषांनीही यावं, खाट विणणारे, टोपल्या विणणारे म्हातारे अजून आहेत, त्यांचेही हात रिकामेच आहेत.

नगरपालिकेच्या महिला व बालकल्याण समितीला या आठवड्यात अर्ज देतोय. सही करायची असेल त्यांनी कळवा. आणि तुमच्या गावात अशी जागा सुरू असेल तर कशी चालवता, तेही सांगा. अर्जाला जोडता येईल.