पावलापुरता उजेड

मुंबईहून सुटलेली शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर कर्जतला येऊन थांबते. मे संपत आला की शनिवारच्या या गाडीतून सॅकवाल्या पोरांचे घोळकेच्या घोळके उतरतात. कुणी पेठच्या किल्ल्यावर निघालेले, कुणी ढाकला, कुणी कोंडाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला. टमटम मिळेपर्यंत ती फलाटावरच पथारी टाकतात. उजाडायच्या आत उठून आवराआवर करताना एकेकाच्या कपाळावर हेडटॉर्च चढतो, बटण दाबले जाते आणि झोपलेल्या फलाटावरून पांढरे झोत इकडून तिकडे फिरू लागतात.

कर्जतला राहून मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. यंदा माझी भाची त्या घोळक्यात असणार आहे. गेल्या आठवड्यात तिने तीन हेडटॉर्चचे फोटो पाठवून विचारले, "मामा, यातला कुठला घेऊ? मला तो हजार ल्युमेनचा आवडलाय. अख्खा डोंगर दिसेल." प्रश्न एवढासा, पण उत्तर द्यायला बसलो आणि या मुलखात अंधारात तुडवलेल्या वाटा एकेक करून समोर येऊन उभ्या राहिल्या.

रात्री घराबाहेर पडणाऱ्याला आमच्याकडे "बॅटरी घे" असे सांगतात. आधीची पिढी "कंदील घे" म्हणायची. वाड्यांवर रॉकेलची चिमणी असे, आणि रानात जायचे तर चिंध्या तेलात भिजवून केलेला पलिता. खोपोलीत 1915 साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी जाड नळांतून घाटाखाली उतरवले गेले आणि त्यावर झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पुढे 1922 मध्ये भिवपुरीलाही असेच केंद्र उभे राहिले. आमच्या डोंगरांवरून उतरलेल्या पाण्याने मुंबई उजळली, आणि त्याच डोंगरांच्या कुशीतल्या ठाकरवाड्या, कातकरीवाड्या पुढे कितीतरी वर्षे चिमणीच्या उजेडात जेवत राहिल्या. म्हणून इथल्या माणसाला उजेडाची किंमत ठाऊक आहे. तो उजेड उधळत नाही.

कंदील असो, पलिता असो की हातातली बॅटरी, दिवा धरायला एक हात अडकायचा. चढणीवर कातळ धरायला, काठी टेकायला, पोराला आधार द्यायला उरायचा तो एकच. दिवा कपाळावर गेला आणि अडकलेला हात सुटला. हेडटॉर्चचे खरे मोल तेवढ्यात आहे, आणि ते मला दुकानात कळले नाही, ओढ्यात कळले.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की रात्री ओढ्यांत आणि शेतांच्या बांधांवर दिवे हिंडताना दिसतात. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, आणि मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरायला लोक बाहेर पडलेले असतात. एका वर्षी वाडीतल्या एका काकांबरोबर मीही गेलो होतो. त्यांच्या कपाळावर बाजारातला साधा हेडटॉर्च होता. पट्टा सैल झालेला, म्हणून त्याखाली टॉवेलची घडी घातलेली. काच खालच्या बाजूला इतकी झुकवलेली की उजेडाचे वर्तुळ बरोब्बर त्यांच्या पायांपुढे, दोन हातांवर पडे. त्या वर्तुळात गढूळ पाणी, शेवाळलेला धोंडा, त्याच्या कडेला दबा धरून बसलेला मुठा. उजेड पडताच मुठा थबकायचा. काका एका हाताने धोंडा कलता करायचे आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी मुठ्याची पाठ मागून चिमटीत धरून बादलीत टाकायचे. नांग्या हवेत फिरत राहायच्या.

मी माझा झोत सारखा वर, पलीकडच्या काठावर, झाडीत फिरवत होतो. दोनदा घसरलो. तेव्हा ते म्हणाले, "उजेड पायाशी ठेवा, दादा. डोंगर काय पळून चाललाय?" बोलताना ते माझ्याकडे वळले आणि वळतानाच त्यांचा तळहात दिव्यावर गेला. माझे डोळे दिपू नयेत म्हणून. ते त्यांनी मुद्दाम केले नव्हते. सवयीने हात वर गेला होता.

हेडटॉर्चच्या खोक्यावर आकडे छापलेले असतात. त्यातला ल्युमेनचा आकडा दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते सांगतो. मेणबत्तीचा प्रकाश साधारण 12 ल्युमेनचा. मुक्कामी भात शिजवायला, तंबूत अंथरूण शोधायला 30 ते 50 ल्युमेन भरपूर होतात. मळलेल्या वाटेवर रात्री चालायला 200 ते 300 पुरतात. हजार ल्युमेन हवेत ते वाट चुकलेल्यांना शोधणाऱ्याला, आणि तेही थोडा वेळच. त्या जोरावर छोटा सेल फार टिकत नाही आणि दिवाही तापतो.

दुसरा आकडा मीटरचा. तो मला फार आवडतो. उजेड किती दूर पोचतो ते तो सांगतो. हे अंतर मोजण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यात दिव्याचा उजेड पाव लक्सवर आला की मोजणी थांबते. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर टाकतो साधारण तेवढा उजेड. खोक्यावर 80 मीटर लिहिले असेल तर 80 मीटरांवर तुमचा दिवा चंद्राएवढा झालेला असतो. राजमाचीच्या वाटेवर पुनवेला दिवा बंद करून चाललेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एरवी विकत घेतलेला उजेड त्या रात्री आभाळातून सगळ्या वाटेवर पडलेला असतो.

तिसरा आकडा तासांचा, आणि त्याला भुलू नये. याच पद्धतीत दिवा सुरुवातीच्या उजेडाच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचे तास मोजलेले असतात. खोक्यावर 40 तास म्हटले म्हणजे 40 तास लख्ख उजेड असे नव्हे. म्हणून जादा सेल घ्यायचेच. चार्जिंगचा दिवा असेल तर तो चुकून लागू नये म्हणून त्याला कुलूप-बटण आहे का ते पाहायचे. नाहीतर सॅकमध्ये दाबला जाऊन तो दिवसाढवळ्या संपतो. पावसासाठी किमान आयपीएक्स 4 हवे, म्हणजे चारी बाजूंनी उडणारे पाणी सोसणारा. ओढे ओलांडायचे असतील तर आयपीएक्स 7 बरा. तो मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी टिकतो.

पण जी गोष्ट कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते, ती मला पेठने शिकवली. एका ऑगस्टमध्ये पेठ गावातून आंबिवलीकडे उतरायला उशीर झाला आणि पठारावर ढग बसला. कपाळावरचा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी. झोत वाढवला तशी भिंत आणखी दाट झाली. धुक्यातले थेंब उजेड उलटा फेकत होते आणि दिवा डोळ्यांना लागूनच असल्यामुळे तो सगळा डोळ्यांत येत होता. पट्टा काढला, दिवा हातात घेतला, गुडघ्याजवळ धरला, आणि भिंतीखालून वाट दिसू लागली. दगडांना सावल्या आल्या. कपाळावरच्या दिव्याने पडलेली सावली दगडाच्या मागे दडते, आपल्या डोळ्यांना ती दिसतच नाही, आणि सावली दिसली नाही की खड्डा आणि सपाटी सारखीच वाटते. उजेड खाली आला तसा प्रत्येक दगड उंच झाला, प्रत्येक पायरी खोल झाली. त्या रात्री मी काकांसारखा चाललो, पायापुढच्या दोन हातांवर नजर ठेवून. म्हणून आता दिवा घेताना मी पाहतो की तो पट्ट्यावर पुरेसा खाली झुकतो का, आणि पट्ट्यातून चटकन निघून हातात घेता येतो का.

लाल दिवाही असावा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ते सगळे पुसून टाकते. मंद लाल उजेडात सरावलेली नजर बरीचशी टिकते. मुक्कामी लाल दिवा लावावा म्हणजे शेजारी झोपलेल्याचीही झोपमोड होत नाही. वाटेवर मात्र पांढराच हवा, कारण लाल उजेडात पाचोळ्यातले फुरसे ओळखू येत नाही.

पावसाच्या तोंडावर राजमाचीकडे, भीमाशंकरच्या रानात काजवे येतात. झाडच्या झाड एका तालात उजळते आणि विझते. ती नराने मादीला घातलेली साद असते, आणि मादी अंधारात तेवढ्याच मंद लुकलुकीने उत्तर देते. पंख फुटल्यावरचे त्यांचे आयुष्य थोड्याच दिवसांचे. तिथे पांढरा झोत टाकला की नराची खूण मादीला दिसत नाही, तिची त्याला. काजवे पाहायला गेलेल्या माणसाने दिवा बंद करून उभे राहावे. जिथे उजेडच बोली आहे, तिथे आपला उजेड म्हणजे गोंगाट.

आणि एक रात्र अशी आहे की ती आठवल्याशिवाय या मुलखात दिव्याविषयी लिहिता येत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री, मुसळधार पावसात, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला रस्ता नव्हता. चिखलाची, निसरडी पायवाट, तास-दीड तासाची चढण. यंत्रे वर नेता येईनात, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडेना. आसपासच्या गावांतली माणसे, गिर्यारोहक, अग्निशमन दलाचे आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान काळोखात पायी चढले. चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि ते तिथेच गेले. वर पोचलेल्यांनी कुदळीने, फावड्याने, हातांनी माती उपसली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला गेला.

मी त्या रात्री वर गेलो नव्हतो. पण त्यानंतर हेडटॉर्च कपाळावर चढवताना मला दर वेळी तो चढ दिसतो आणि त्यावरून ओळीने वर सरकणारे दिवे. त्यांतल्या कुणाला अख्खा डोंगर पाहायचा नव्हता. डोंगर तर अंगावर आला होता. त्यांना पुढचे पाऊल दिसायला हवे होते आणि दोन्ही हात मोकळे हवे होते, मातीसाठी आणि मातीखालच्या माणसासाठी. दिवा कपाळावर बांधायचा तो याचसाठी. उजेड आपल्या पायाला, हात दुसऱ्याला.

भाचीला मी उत्तर लिहिले आहे. तीनशे ल्युमेनपर्यंतचा घे. हलका घे, खाली झुकणारा घे, लाल दिवा असलेला घे. सेल वाडीच्या दुकानातही मिळतील असे घे, आणि एक जोड जादा ठेव. दुकानातच तो घट्ट बांधून मान हलवून बघ; पट्टा घसरत असेल तर घेऊ नकोस. निघण्याच्या आदल्या रात्री घरातले दिवे मालवून त्याची बटणे बोटांना पाठ करून घे. पेठला कातळाच्या पोटातून कोरलेला जिना चढताना पुढच्याच्या पाठीवर झोत टाकू नकोस, त्याच्या पायरीवर टाक.

डोंगरात येणाऱ्या सगळ्यांनाच आणखी एक विनंती. रात्री वाटेत समोरून कुणी आले, मग तो ट्रेकर असो की पावसात मुठे धरून घरी निघालेला वाडीतला माणूस, तर आधी तळहात दिव्यावर ठेवा, आणि मग बोला.