एकदाच, हलकेच

विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. परवाना, सुरक्षेचा अभ्यासक्रम, कंपाऊंड धनुष्य, झाडाला अडकवायचं मचाण, पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा, असं सगळं जमवलं. वर हौसेने ग्रंट ट्यूबही घेतली. फुंकली की नराच्या हुंकारासारखा आवाज काढणारी नळी.

मी चंद्रपूरकडचा. आमच्याकडे चितळ ओरडलं की वाघाचा माग लागतो. जंगलात आपण ऐकायचं, बोलायचं नाही. इथे मात्र हरणाशी त्याच्याच भाषेत बोलायला मिळणार, याचंच मला अप्रूप. पहिल्याच शनिवारी व्हिडिओत ऐकलेले नोव्हेंबरातले हुंकार दणदणीत काढले. मक्याच्या कडेने दोन नर निवांत चालले होते. त्यांनी माना उंचावल्या, पांढऱ्या शेपट्या उभारल्या आणि दिसेनासे झाले.

शेजारच्या म्हाताऱ्याला हे सांगितलं, तर तो हसलाही नाही. तेच जास्त लागलं. म्हणाला, "माद्या माजावर यायला अजून दीड-दोन महिने आहेत. नरांनी शिंगांवरची मखमल आत्ता कुठे घासून काढलीय, बरेचसे अजून टोळक्यानेच हिंडतात. शिंगाला शिंग लावतात, पण ती नुसती रेटारेटी. त्यात तू एखाद्या दांडग्या नरासारखा गुरगुरलास, तर ते वाट बदलणारच."

मग त्याने नळी घेतली आणि एकदाच, घसा खाकरावा तसा, आखूड आवाज काढला. हरीण दिसत असेल, लांब निघालं असेल, तरच हे करायचं. त्याने मान वळवून पाहिलं की नळी खिशात.

सप्टेंबर संपता संपता पांढऱ्या ओकची फळं टपटप पडत होती. हरणांना ती मक्याहून प्यारी. पश्चिमेचा वारा तोंडावर येत होता. पाच वाजून गेल्यावर साठेक यार्डांवर एक नर दिसला. आठ टोकांची शिंगं असावीत. माझे हात थरथरत होते, नीट मोजली नाहीत. तो माझ्याकडे पाठ करून चालला होता. मी खाकरलो, म्हणजे नळीतून. तो थांबला. आधी एक कान वळला, मग मान. तो थेट माझ्या झाडाकडे बघत राहिला.

इथे थांबायचं होतं. पण तो निघून जाईल या धास्तीने मी पुन्हा फुंकलं.

तो आला, पण सरळ नाही. उत्तरेकडून झुडपांच्या आडोशाने मोठा वळसा घालून माझ्या पाठीमागे गेला, जिकडे वारा माझा वास वाहून नेत होता. मी धनुष्य ओढलंही नव्हतं. मागून जोरात फुरफुरल्याचा आवाज आला, आणि टापांचा.

रात्री म्हाताऱ्याचा फोन आला. त्याने एवढंच विचारलं, "किती वेळा फुंकलंस?"